जुळलेले आकडे, जुळवलेले आकडे
दुसऱ्या महायुद्धातली जर्मन माउझर, ‘९८ के’, विकत घेणारा संग्राहक आधी काय बघतो? रिसीव्हर, बोल्ट, बॅरल यांवरचे आकडे जुळतात का. जुळले की ‘अस्सल’! ही कसोटी मला अपुरी वाटते. साक्षीदार एका सुरात बोलतात म्हणून खरंच बोलतात असं नाही. ते पढवलेलेही असतात. सोव्हिएत सैन्याने जप्त केलेल्या अशा रायफली पुढे खोलून, सुटे भाग मिसळून पुन्हा जोडल्या आणि बोल्टवर नवा आकडा कोरला. आज कुणी तो घासून जर्मन धाटणीचा ठसा मारतो, किंमत वाढवतो. तेव्हा आकड्याआधी त्याच्याभोवतीचं पोलाद बघा: घासल्याने आलेला खोलगटपणा, ठशाची वेगळी घडण. न जुळणारी रायफल आपला इतिहास सांगते. जुळवलेली तो पुसते, आणि पुसण्याचे पैसे आपल्याकडूनच घेते.