समन्वय वाढला की मूल बरं होतं, हे कशावरून?

परभणीसारख्या जिल्ह्यात मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं की आराखड्यात एक वाक्य हमखास येतं : ‘विविध विभागांमध्ये समन्वयाचा अभाव आहे.’ माझ्याही पहिल्या आराखड्यात ते होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, “समन्वय वाढला की मूल बरं होतं, हे कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना हाती लागलेल्या एका लेखाबद्दल आज लिहितोय.

चार्ल्स ग्लिसन आणि अँथनी हेमेलगार्न यांचा हा अभ्यास १९९८ सालचा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी ताब्यातली २५० मुलं, त्यांना सेवा देणारी ३२ कार्यालयं आणि तीन वर्षांचा कालावधी. निष्कर्ष धक्का देणारा आहे. ज्या कार्यालयात कर्मचाऱ्यांमधले वाद कमी, एकमेकांना सहकार्य आणि कुणाचं काम काय हे स्पष्ट, तिथल्या मुलांच्या मानसिक-सामाजिक स्थितीत जास्त सुधारणा दिसली. कार्यालयांमधल्या समन्वयाचा परिणाम मात्र सेवेच्या दर्जावर उलटा झाला!

हे वाचून ‘समन्वय नकोच’ असं लिहायचा मोह होतो. तिथेच सांभाळा. एक तर हा अर्ध-प्रायोगिक अभ्यास आहे, म्हणजे कार्यकारणाचा दावा जपूनच करायला हवा. दुसरं, टेनेसीत प्रत्येक मुलामागे एक जबाबदार कर्मचारी आधीच होता. त्याच्या डोक्यावर आणखी एक यंत्रणा आली की जबाबदारी वाटली जाते आणि पातळ होते, असं मला वाटतं.

आपल्याकडे तो एक माणूसच कुठे आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाणं अपेक्षित आहे. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता हे सगळं तपासणीच्या यादीत आहे. शंका आली की मुलाला पुढे पाठवायचं. पण पथक आरोग्य विभागाचं, शाळा शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकासची. मूल जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलं का, हे विचारायचं कुणी? त्यात गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कुटुंबं ऊसतोडीला गेली, की पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असेलच असं नाही.

म्हणून या लेखाचा निष्कर्ष परभणीला जसाच्या तसा लावता येत नाही. घेण्यासारखी आहे ती त्याची पद्धत. दोघांनी समन्वय मोजला आणि त्याच्या शेजारी मुलाची स्थितीही मोजली. आपण बहुतेकदा किती बैठका झाल्या, किती परिपत्रकं निघाली, एवढ्यावरच थांबतो.

मी आता माझा प्रश्न बदललाय : पुढे पाठवलेल्या मुलांपैकी किती पोहोचली, त्यातली किती दुसऱ्यांदा आली, आणि न आलेल्यांच्या घरी कुणी गेलं का? आकडे मिळवणं अवघड जाणार, हे दिसतंच आहे. तुमच्याही आराखड्यात ‘समन्वयाचा अभाव’ असेल, तर त्याखाली एकदा रेघ मारून बघा.