मीठ जास्त झालं होतं

चॅटवर छान जमलेलं पुढे का सरकत नाही, यावर सल्ल्यांची कमी नाही. किती दिवसांनी भेटायचं, आधी मेसेज कोणी करायचा, वगैरे. मला या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा सिनेमा वाटतो तो रितेश बत्राचा 'द लंचबॉक्स' (२०१३). गंमत म्हणजे त्यातलं प्रेम मोबाइलवर नाही, कागदाच्या चिठ्ठ्यांवर जुळतं.

मुंबईतला एक डबा चुकीच्या टेबलावर पोचतो. इलानं (निम्रत कौर) नवऱ्यासाठी केलेलं जेवण निवृत्तीला आलेला साजन फर्नांडिस (इरफान खान) चाटूनपुसून खातो. रिकामा डबा परत आला म्हणून ती चिठ्ठीतून आभार मानते. त्यावर याचं उत्तर काय, तर आज जेवण खारट होतं! मला या नात्याचा पाया इथेच दिसतो. आपल्या सुरुवातीच्या चॅटमध्ये सगळंच 'भारी' असतं, खारट झालंय म्हणायची कोणाची हिंमत होत नाही.

पण हाच स्पष्टवक्ता माणूस भेटायच्या वेळी कच खातो. त्या सकाळी त्याला बाथरूममध्ये आजोबांचा वास येतो आणि लक्षात येतं, हा वास आपलाच आहे. तो कॅफेत जातो, वाट बघत बसलेल्या इलाला लांबून बघतो आणि काही न बोलता निघून येतो. नंतर तिच्याकडून येतो तो रिकामा डबा.

अनेकांना यात साजनचा मोठेपणा दिसतो. मला नाही दिसत. त्यानं तिला मनसोक्त पाहिलं, स्वतःला मात्र दिसू दिलं नाही. त्याचं वय चालेल की नाही, हे इलानं ठरवायचं होतं. ते त्यानं परस्पर ठरवून टाकलं. आज आपण याला घोस्टिंग म्हणतो. फरक एवढाच, की साजन नंतर कारण लिहून कळवतो. इरफानच्या डोळ्यांतलं दुःख बघून आपण त्याला पटकन माफ करतो, आणि सिनेमाही करतो. हे मला खटकतं.

न भेटता नातं होतच नाही, असंही सिनेमा म्हणत नाही. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी (भारती आचरेकर) आपल्याला एकदाही दिसत नाहीत. फक्त आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली. तरी त्या इलाच्या अगदी जवळच्या आहेत, कारण तिथे दोघींपैकी कोणीच लपत नाही.

म्हणून मला खरं धाडस इलाचं वाटतं. ती साजनला शोधत थेट त्याच्या ऑफिसात जाते; तोवर तो निघून गेलेला असतो. शेवटी साजनही भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांसोबत तिचं घर शोधायला निघतो. भेट होते का, हे सिनेमा दाखवत नाही. मला ते पुरतं. या वेळी तो लांबून बघायला निघालेला नाही, दार वाजवायला निघालाय.