पल्सची उंची आणि ऊर्जा: नोल यांच्या पुस्तकाचे चिकित्सक वाचन

गॅमा वर्णपटाचा प्रयोग केलेल्या कोणाचेही जर्नल उघडून पाहा. आडव्या अक्षावर 'ऊर्जा' असे लिहिलेले असते. सीझियम-१३७ चे शिखर बरोबर ६६२ केईव्हीला असते, कॉम्प्टनची कडा बरोबर ४७७ केईव्हीला असते आणि दोहोंना जोडणारी रेषा अगदी नितळ असते. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर इतका नितळ आलेख देत नाही. तो आलेख पाठ्यपुस्तकातून जर्नलमध्ये आलेला असतो.

हे मी खात्रीने सांगते, कारण विद्यार्थिदशेत मीही तेच केले होते. २०० केईव्हीच्या आसपास माझ्या आलेखात एक फुगवटा आला होता. प्रयोगपुस्तिकेतील आकृतीत तो नव्हता, म्हणून मी तीन वाचने खोडली आणि वक्र 'सुधारला'. मला पूर्ण गुण मिळाले. तो फुगवटा म्हणजे मागे विखुरलेल्या किरणांचे शिखर होते आणि खोडलेली वाचनेच त्या दिवशीची सर्वांत खरी वाचने होती, हे मला पुढे ग्लेन नोल यांचे 'रेडिएशन डिटेक्शन अँड मेझरमेंट' वाचताना कळले. या टिपणात त्या पुस्तकाचा विचार करायचा आहे: ते तुम्हाला काय देते, आणि कोठे अडवते.

पुस्तकाची पहिली आवृत्ती १९७९ ची आणि चौथी २०१० ची. पाने आठशेच्या वर. आपल्याकडे बहुतेक अभ्यासक्रमांच्या संदर्भसूचीत त्याचे नाव असते आणि बहुतेक विद्यार्थी त्यातले एकच, सोडियम आयोडाइडच्या वर्णपटाचे दहावे प्रकरण वाचतात. अडचण तेथूनच सुरू होते, पण आधी पुस्तकाचे बळ पाहू.

नोल शब्दांच्या बाबतीत काटेकोर आहेत. डिटेक्टरमधून जे मिळते त्याला ते पल्सच्या उंचीचे वितरण म्हणतात. हा शब्दच्छल नव्हे. गॅमा फोटॉनने स्फटिकात सोडलेली ऊर्जा प्रकाशात बदलते, प्रकाश फोटोकॅथोडवर इलेक्ट्रॉन सोडवतो, फोटोमल्टिप्लायर त्यांची संख्या वाढवतो, अॅम्प्लिफायर त्यांना आकार देतो, आणि शेवटी काही व्होल्ट उंचीची पल्स मिळते. ती उंची स्फटिकात *जमा झालेल्या* ऊर्जेशी प्रमाणात असते, फोटॉनने *आणलेल्या* ऊर्जेशी नव्हे. ६६२ केईव्हीचा फोटॉन एकदाच विखुरला आणि बाहेर निसटला तर तो जास्तीत जास्त ४७७ केईव्ही मागे ठेवतो. स्रोत एकाच ऊर्जेचा असूनही आलेख शून्यापासून पसरतो तो यामुळे.

शिखराची रुंदी समजावताना त्यांनी केलेला हिशेब तर प्रत्येकाने एकदा स्वतः मांडावा. ५०० केईव्ही ऊर्जा स्फटिकात जमा झाली तर सुमारे २०,००० प्रकाशकण निर्माण होतात, पण फोटोकॅथोडमधून सुटणारे इलेक्ट्रॉन जेमतेम ३,००० असतात. साखळीतली सर्वांत कमकुवत कडी ती. ३,००० चे वर्गमूळ सुमारे ५५. म्हणजे केवळ या आकड्यातील चढउतारामुळे शिखराला ४ टक्क्यांहून थोडी अधिक रुंदी येते. इतर कारणे मिळून ६६२ केईव्हीला चांगल्या डिटेक्टरची रुंदी सुमारे ७ टक्के, म्हणजे ४६ केईव्ही होते. आता सांगा, ४६ केईव्हीने पसरलेल्या आलेखावर कॉम्प्टनची कडा '४७७' अशी कोणी कशी वाचली?

लहान, फार मोठा आणि मध्यम आकाराचा असे डिटेक्टरचे तीन भाग पाडून त्यांनी वर्णपट समजावला आहे. लहानातून विखुरलेला प्रत्येक फोटॉन निसटतो, फार मोठ्यातून कोणीच निसटत नाही, आणि आपल्या प्रयोगशाळेतला मध्यम डिटेक्टर या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो. शिकवण्याची याहून चांगली युक्ती मला या विषयात माहीत नाही.

माझा पहिला आक्षेप याच प्रकरणाच्या पुढच्या भागावर आहे. तीन आदर्श आकृत्या झाल्यावर नोल 'गुंतागुंती' असे शीर्षक देऊन उरलेले सारे एकत्र करतात: आयोडीनचा क्ष-किरण निसटल्याने मुख्य शिखराच्या सुमारे २८ केईव्ही खाली येणारे शिखर, आजूबाजूच्या वस्तूंवरून परतणारे किरण, दोन फोटॉन एकदम पकडले गेल्याने होणारी बेरीज. भौतिकीच्या दृष्टीने क्रम बरोबर आहे. पण शिशाच्या विटांनी वेढलेल्या टेबलावर काम करणाऱ्या तुम्हाला हीच 'गुंतागुंत' आधी दिसते. सीझियमचा फोटॉन १८० अंशांत परतला तर त्याच्याकडे १८४ केईव्ही उरतात, आणि १२० अंशांत वळला तरी सुमारे २२५. इतक्या मोठ्या कोनविस्तारातील फोटॉन ४० केईव्हीच्या पट्ट्यात गोळा होतात, म्हणून तो फुगवटा टाळता येत नाही. जे नेहमी घडते त्याला शीर्षकात अपवादाची जागा दिली, की विद्यार्थी खोडरबर हाती घेणारच.

दुसरा आक्षेप मोठा आहे. वर्णपट दहाव्या प्रकरणात, आणि तो वर्णपट तयार करणारी यंत्रणा, पल्सला आकार देणे, तिची उंची मोजणे, बहुचॅनेल विश्लेषक, हे सारे शेवटच्या प्रकरणांत, काहीशे पानांनंतर. संदर्भग्रंथ म्हणून ही मांडणी सोयीची असेल. पण परीक्षेपुरते एकच प्रकरण वाचणाऱ्याच्या मनात वर्णपट ही किरणांची गोष्ट होते आणि इलेक्ट्रॉनिक्स ही पेटीतली गोष्ट.

त्याचा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांत दिसतो. विल्किन्सन पद्धतीच्या परिवर्तकाचे उदाहरण घ्या. तो पल्सच्या उंचीइतका वेळ घड्याळाचे ठोके मोजतो. घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असेल तर १,००० व्या चॅनेलच्या पल्सला १० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ पुढच्या पल्सला दार बंद असते. सेकंदाला १०,००० पल्सेस असतील तर दहावा हिस्सा वेळ यंत्र 'मृत' राहते. विद्यार्थी मात्र स्टॉपवॉचच्या १०० सेकंदांनी भागतो आणि स्रोताची तीव्रता कमी आली म्हणून स्रोताच्या वयाला दोष देतो. वेळ वाचवायला स्रोत डिटेक्टरच्या तोंडाशी आणला तर पल्सेस एकमेकींवर चढतात आणि शिखराच्या उजवीकडे एक शेपटी फुटते. किरणांमध्ये ती कोठेच नसते.

एकचॅनेल विश्लेषक वापरणाऱ्यांची, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांची, अडचण तर पुस्तकात फारच थोडक्यात आटोपली आहे. ०.१ व्होल्टच्या पायरीने १० व्होल्टपर्यंत जायचे, प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबायचे: शंभर वाचनांना पावणेदोन तास लागतात. १० डायनोडच्या नळीत उच्च व्होल्टेज १ टक्क्याने सरकले तर वर्धन साधारण ६ ते ८ टक्क्यांनी सरकते. म्हणजे शिखर आपल्या रुंदीइतके हलू शकते, आणि तुम्ही मोजत असता एक हलता आलेख. दर वीस मिनिटांनी शिखराजवळचे एक वाचन पुन्हा घ्या, असे सांगणारी प्रयोगपुस्तिका माझ्या पाहण्यात नाही. नोलही असा व्यवहारी सल्ला देत नाहीत.

त्या बाबतीत विल्यम लिओ यांचे 'टेक्निक्स फॉर न्यूक्लिअर अँड पार्टिकल फिजिक्स एक्सपेरिमेंट्स' अधिक जवळचे वाटते. ते प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमातून वाढलेले पुस्तक आहे, आणि केबल, डिस्क्रिमिनेटर, मॉड्यूल यांना त्यात मानाचे स्थान आहे. पण वर्णपटाचा आकार का तसा येतो, हे नोलइतके नीट तेही सांगत नाही. कपूर आणि राममूर्ती यांचे 'न्यूक्लिअर रेडिएशन डिटेक्टर्स' आपल्या ग्रंथालयांत मिळण्याची शक्यता अधिक. आटोपशीर आहे, उजळणीला चांगले.

म्हणून नोल टाकून देऊ नका, पण त्यांच्या क्रमाने वाचू नका. आधी चौथे प्रकरण, पल्स म्हणजे काय ते कळण्यासाठी. मग थेट शेवटाकडे जाऊन बहुचॅनेल विश्लेषकाचे अठरावे. त्यानंतर दहावे, आणि त्यात 'गुंतागुंती'पासून सुरुवात करून मागे आदर्श आकृत्यांकडे या. प्रयोगाला बसाल तेव्हा आडव्या अक्षावर आधी 'पल्सची उंची, व्होल्ट' एवढेच लिहा. सीझियमचे ६६२ आणि कोबाल्ट-६० ची ११७३ व १३३२ ही तीन शिखरे सापडल्यावर खाली ऊर्जेची दुसरी पट्टी काढा. २०० केईव्हीजवळ फुगवटा आला तर डिटेक्टरभोवतीच्या शिशाच्या विटा थोड्या दूर सरकवून तेवढाच भाग पुन्हा मोजा, आणि दोन्ही वक्र एकाच कागदावर ठेवा.