‘नटसम्राट’ आणि न लिहिलेले मृत्युपत्र

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ धी गोवा हिंदू असोसिएशनने १९७० साली रंगभूमीवर आणले. त्यातील आप्पासाहेब बेलवलकर हयातीतच सारी मिळकत मुलांना वाटून देतात व त्यांच्याच दारी परके होतात. मुलांची कृतघ्नता खरीच. परंतु आमच्या मते शोकांतिकेचे बीज आप्पांच्या उतावीळ औदार्यात आहे. मृत्युपत्र कर्त्याच्या मरणानंतरच अमलात येते, तोवर ते बदलता येते; पुढे ते शाबीत करताना साक्षीदारांची कसोटीही लागते. आप्पांनी प्रेमाला अशी कोणतीच कसोटी लावली नाही. नाटककाराने नायकाचा हा दोष झाकलेला नाही, हे नाटकाचे मोठेपण. वडीलधाऱ्यांनी वारस खुशाल निवडावा. मात्र जिवंत असेतो डोक्यावरचे छप्पर आपल्याच नावे राखावे.