उद्ध्वस्त जगातील राज्यघडण : फॉलआउट मालिकेचा आढावा

फॉलआउट ही अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडणारी रोल-प्लेइंग गेमची मालिका १९९७ पासून चालू आहे. तिच्यातला इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या इतिहासापासून फुटून निघतो. तिथल्या अमेरिकेत अणुशक्तीवर चालणाऱ्या मोटारी आणि घरकाम करणारे यंत्रमानव आले. पण राहणी, जाहिराती, गाणी आणि साम्यवादाची भीती १९५० च्या दशकातलीच राहिली. खनिज तेल संपत आले, चीनशी युद्ध पेटले आणि २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अवघ्या दोन तासांत जग बेचिराख झाले. व्हॉल्ट नावाच्या भुयारी वसाहतींत शिरलेले थोडे लोक वाचले. यातल्या बहुतेक व्हॉल्ट प्रत्यक्षात माणसांवर प्रयोग करण्यासाठी बांधल्या होत्या, हे खेळाडूला पुढे कळत जाते.

मालिकेची ओळख सांगताना निळ्या पोशाखातला हसरा व्हॉल्ट बॉय, मनगटावरचा पिप-बॉय संगणक, गंजलेले चिलखत यांचाच उल्लेख आधी होतो. मात्र तिचे मोठेपण जोखायचे तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : राखेतून माणसे कोणती व्यवस्था उभी करतात, आणि त्या घडणीत खेळाडूच्या निर्णयाला किती वजन असते? या कसोटीवर मालिकेचे भाग एकमेकांपासून फार दूर पडतात.

तिचे मूळ १९८८ च्या वेस्टलँड या गेममध्ये आहे. तो काढणाऱ्या इंटरप्ले कंपनीला पुढचा भाग करायचा होता, पण नावाचे हक्क हाती नव्हते. टिम केन या प्रोग्रामरने १९९४ मध्ये जवळजवळ एकट्याने नवा सांगाडा रचायला घेतला; लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी त्याला रूप दिले. सुरुवातीला नियम स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या गर्प्स पद्धतीचे होते. तो करार मोडल्यावर ऐन वेळी स्वतःची पद्धत बांधावी लागली आणि तीच मालिकेचा कणा ठरली. बळ, नजर, सहनशक्ती, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब या सात गुणांवर पात्र उभे राहते, आणि गुण बदलले की जग वेगळे वागते. बुद्धी अगदी कमी ठेवली तर पात्राला धड वाक्य बोलता येत नाही, आणि समोरची माणसे त्याला त्याप्रमाणेच वागवतात. एका गुणाचा आकडा संपूर्ण संवादाचा सूर बदलतो, हे त्या काळी नवीन होते.

पहिल्या गेमची कथा साधी आहे. व्हॉल्ट १३ चे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली चिप बिघडते, आणि १५० दिवसांत दुसरी आणणे भाग असते. ती नेक्रोपोलिस नावाच्या शहरात सापडते. तिथे किरणोत्साराने कातडी झडलेले घूल राहतात आणि त्यांचेही पाणी त्याच चिपवर अवलंबून आहे. तिथला बंद पडलेला पंप आधी दुरुस्त केला तर दोन्ही वस्त्या जगतात. घाईत तो राहून गेला तर एका गावाच्या जीवावर दुसरे तगते, आणि हे खेळाडूला कोणी ओरडून सांगत नाही. शेवटचा संघर्षही असाच विचारपूर्वक रचला आहे. मास्टर नावाचा विरोधक सगळ्या मानवजातीला एकाच उत्परिवर्तित जातीत मिसळायला निघाला आहे; माणसामाणसांत भेदच उरला नाही तर युद्धही उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो. त्याला गोळ्या घालून मारता येते. पण ही नवी जात वंध्य आहे याचा शास्त्रीय पुरावा शोधून त्याच्यापुढे ठेवला, तर तो स्वतःच हरतो आणि स्वतःला संपवतो. अभ्यास आणि वाद यांनी जिंकता येणारा असा शेवट व्हिडिओ गेममध्ये आजही विरळाच आढळतो.

१९९८ चा दुसरा भाग ऐंशी वर्षांनी पुढे जातो. याच उडीमुळे मालिकेला इतिहास मिळाला. पहिल्या भागात शेडी सँड्स हे मातीच्या भिंतींचे छोटे खेडे होते. तिथल्या म्होरक्याची मुलगी टँडी हिला लुटारूंच्या तावडीतून सोडवता येत असे. दुसऱ्या भागात तेच खेडे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची राजधानी झालेले असते आणि टँडी त्या प्रजासत्ताकाची वृद्ध अध्यक्ष असते. चलनही बदलते. आधी बाटल्यांची झाकणे चालत, कारण हब गावातले व्यापारी त्यांच्या बदल्यात पाणी द्यायला बांधील होते. आता प्रजासत्ताकाची नाणी चालतात. जुन्या जगाची नक्कल न करता नव्या जगाने स्वतःच्या संस्था घडवल्या, ही जाणीव इथे पहिल्यांदा स्पष्ट होते. या भागात चित्रपटांचे संदर्भ आणि थिल्लर विनोद मात्र इतके पेरले आहेत की गंभीर प्रसंगांचाही विरस होतो. गुन्हेगारी घराण्यांनी वाटून घेतलेले न्यू रेनो शहर तेवढे या दोषाला पुरून उरते.

त्यानंतर पडझड झाली. केन, बोयार्स्की आणि अँडरसन यांनी आधीच बाहेर पडून १९९८ मध्ये ट्रॉयका ही कंपनी काढली होती. २००१ चा टॅक्टिक्स लढाईपुरता बरा होता. २००४ चा कन्सोलवरचा ब्रदरहूड ऑफ स्टील विसरण्याजोगा. व्हॅन ब्युरेन या नावाने तयार होत असलेला तिसरा भाग इंटरप्लेचा ब्लॅक आयल स्टुडिओ २००३ च्या अखेरीस बंद पडल्याने अर्ध्यावर राहिला. कर्जात रुतलेल्या इंटरप्लेकडून बेथेस्डा या गेम कंपनीने आधी परवाना घेतला आणि २००७ मध्ये ५७.५ लाख डॉलरना संपूर्ण हक्क विकत घेतले.

बेथेस्डाचा फॉलआउट ३ हा २००८ मध्ये आला. वरून तिरका दिसणारा नकाशा आणि आळीपाळीची लढाई जाऊन खेळाडू प्रत्यक्ष त्या जगात उभा राहिला. व्हॉल्ट १०१ चे दार उघडून वॉशिंग्टनच्या अवशेषांवर नजर पडते तो क्षण मालिकेतल्या सर्वांत प्रभावी क्षणांपैकी आहे. वाटेत एखाद्या खोलीत दोन सांगाडे, एक रिकामी औषधाची बाटली आणि संगणकावरची चार ओळींची नोंद एवढ्यावरच पूर्ण गोष्ट कळते. स्थळातून कथा सांगण्याची ही कला बेथेस्डाने कमावली आणि तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे. कमतरता आहे ती समाजाच्या विचारात. युद्ध होऊन दोनशे वर्षे उलटली, तरी माणसे युद्धापूर्वीचे डबाबंद अन्नच खातात, शेती जवळजवळ कुठेच दिसत नाही, घरातले सांगाडे कोणी उचललेले नाहीत. काल बाँब पडला असावा असे हे जग आहे. मेगाटन गावातला न फुटलेला बाँब निकामी करायचा की पैसे घेऊन गावासकट उडवायचा, हा तिथला गाजलेला पर्यायही संत आणि राक्षस यांच्यापलीकडे जात नाही. त्यापेक्षा टेनपेनी टॉवरचा प्रसंग कितीतरी सकस आहे : श्रीमंतांच्या इमारतीत घूल लोकांना समेटाने प्रवेश मिळवून दिला, तरी पुढे त्यांच्याच हातून जुने रहिवासी मारले जातात.

भारतात या गेमची वाट वेगळ्याच कारणाने अडली. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन तो इथे आणणार नसल्याचे जाहीर केले. नेमका आक्षेप कशावर, हे कंपनीने सांगितले नाही. पण मालिकेतल्या दोन डोक्यांच्या गाईला पहिल्यापासून ब्राह्मिन हे नाव आहे, आणि चर्चेचा रोख तिकडेच गेला. भारतीय खेळाडूंना या जगात स्वतःशी नाते सांगणारे असे फार थोडे सापडते, आणि जे सापडते ते बेफिकिरीने उचललेले आहे, हे नोंदवणे भाग आहे. जपानी आवृत्तीतून मेगाटन उडवण्याचा पर्याय वगळला गेला आणि फॅट मॅन या अस्त्राचे नाव बदलले. नागासाकीवर टाकलेल्या बाँबचे ते नाव होते. ऑस्ट्रेलियातल्या प्रमाणन मंडळाने मॉर्फिनच्या वापरावर हरकत घेतल्यावर सर्वच देशांत त्या औषधाला मेड-एक्स हे काल्पनिक नाव मिळाले.

२०१० चा न्यू वेगास ही या मालिकेची सर्वोच्च कामगिरी. ब्लॅक आयलमधल्या अनेक जुन्या मंडळींच्या ऑब्सिडियन कंपनीने तो जॉश सॉयर यांच्या दिग्दर्शनाखाली जेमतेम दीड वर्षात पुरा केला. गुडस्प्रिंग्जच्या स्मशानात डोक्यात गोळी खाऊन वाचलेला एक निरोप्या मोहावीच्या वाळवंटात आपल्या मारेकऱ्याच्या मागावर निघतो, आणि हळूहळू हूव्हर धरणावरच्या सत्तासंघर्षात ओढला जातो. धरण ज्याच्या हाती त्याच्याकडे वीज आणि पाणी. तेव्हा भांडणाला ठोस आर्थिक पाया आहे. प्रजासत्ताक लोकशाही मानते, पण सैन्य ताणले गेले आहे, कर जाचक आहेत आणि जमीनदारांचा दबाव मोठा आहे. सोन्याचा साठा ब्रदरहूड ऑफ स्टील या लष्करी पंथाने नष्ट केल्यापासून प्रजासत्ताकाच्या कागदी नोटांची किंमत घसरली आहे, म्हणून झाकणे पुन्हा चलनात आली आहेत. सीझर नावाचा हुकूमशहा गुलामांच्या बळावर रोमच्या धर्तीची सत्ता उभारतो आणि हेगेलचा दाखला देत तिचे समर्थन करतो. मिस्टर हाउस हा दोन शतके यंत्रात जगलेला उद्योगपती न्यू वेगास शहराला खाजगी मालमत्तेसारखे चालवतो. या सर्वांना बाजूला सारून स्वतंत्र वेगासचा मार्गही खुला आहे, पण त्यात सुव्यवस्थेची हमी नाही.

लेखनाची ताकद बारीक प्रसंगांत दिसते. कँप गोल्फमधला म्हातारा रेंजर प्रमुख हॅनलन स्वतःच्याच सैन्याला खोटे गुप्त अहवाल पुरवतो, कारण ही मोहीम तरुणांचे बळी घेणारी आणि निष्फळ आहे अशी त्याची खात्री पटलेली असते. त्याचे बिंग फोडायचे की मौन पाळायचे, याला उत्तर देणारा कोणताही गुणांक पडद्यावर येत नाही. व्हॉल्ट ११ मध्ये दरवर्षी एकाचा बळी देण्याची अट होती. बळी निवडण्यासाठी तिथल्या लोकांनी निवडणूक सुरू केली, गट पाडले, प्रतिस्पर्ध्याला निवडून द्या अशी विनवणी करणारी पोस्टर भिंतीभर लावली. शेवटी उरलेल्या मोजक्यांनी बळी द्यायला नकार दिला, तेव्हा यंत्राने त्यांचे अभिनंदन करून दार उघडले. नकार एवढीच खरी अपेक्षा होती. हे सगळे खेळाडू रिकाम्या दालनांतून फिरत, नोंदी वाचत जोडतो. स्थळातून कथा सांगण्याची बेथेस्डाची रीत आणि ऑब्सिडियनची राजकीय समज इथे एकत्र आली आहे.

प्रकाशनाच्या वेळी हा गेम तांत्रिक चुकांनी भरलेला होता. समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते तर निर्मात्यांना बोनस मिळणार होता आणि मिळाले ८४, असे ऑब्सिडियनचे सहसंस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी पुढे उघड केले. आजची त्याची प्रतिष्ठा पाहता तो एक गुण बोचतो.

२०१५ चा फॉलआउट ४ पहिल्या २४ तासांत १ कोटी २० लाख प्रतींनी दुकानांत पोचला. बंदूकबाजी सफाईदार झाली, वस्त्या बांधण्याची सोय आली, बॉस्टनचे अवशेष देखणे आहेत. संवाद मात्र खुजा झाला. नायकाला आवाज दिल्यामुळे प्रत्येक वेळी चारच उत्तरे, तीही त्रोटक, आणि बहुतेकदा सगळी एकाच जागी नेणारी. माणसासारखे यंत्रमानव बनवणारी इन्स्टिट्यूट हे सर्व कशासाठी करते, हा कथेचा गाभ्याचा प्रश्न शेवटपर्यंत नीट सुटत नाही. २०१६ ची फार हार्बर ही पुरवणी त्यातल्या त्यात जुन्या दर्जाची.

२०१८ चा फॉलआउट ७६ अनेकांनी एकत्र खेळायचा गेम. वेस्ट व्हर्जिनियात सुरुवातीला एकही जिवंत मानवी पात्र नव्हते. फक्त ध्वनिफिती आणि मृतदेह. टीका इतकी झाली की एप्रिल २०२० मध्ये वेस्टलँडर्स या भागातून माणसे परत आणावी लागली. त्यातला खरा दोष वेगळा आहे. खेळाडू संकेतांक जुळवून अण्वस्त्र डागू शकतो आणि स्फोटाच्या जागी दुर्मिळ वनस्पती व बलाढ्य शत्रू उगवतात म्हणून ते पुनःपुन्हा डागले जाते. ज्या अस्त्राच्या परिणामांवर मालिका उभी राहिली ते इथे कच्चा माल मिळवण्याचे साधन झाले. तरीही नवख्यांसाठी वाटेवर अन्न, औषधे ठेवून जाणाऱ्या जुन्या खेळाडूंनी या जगाला एक आपुलकी दिली. ती निर्मात्यांच्या आराखड्यात नव्हती.

एप्रिल २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने फॉलआउट गेम न खेळणाऱ्यांपर्यंत नेले. वॉल्टन गॉगिन्स यांनी साकारलेला घूल ही तिची जमेची बाजू. जुन्या खेळाडूंमध्ये वाद पेटला तो शेडी सँड्सवरून. या दूरचित्रवाणी मालिकेत ते लॉस एंजेलिसजवळ दाखवले आहे आणि बाँबने त्याचा खड्डा झालेला आहे. एका फळ्यावर शहराच्या पतनाचे वर्ष २२७७ लिहिलेले दिसते, तर न्यू वेगास २२८१ मध्ये घडतो आणि त्यात प्रजासत्ताक शाबूत आहे. बाँब न्यू वेगासनंतर पडला, असा खुलासा बेथेस्डाकडून झाला. सनावळीचा मुद्दा त्याने मिटतो. मोठा आक्षेप मिटत नाही. दोन पिढ्यांच्या गेमनी कष्टाने घडवलेले राज्य पुसून टाकले की जग पुन्हा सुरुवातीच्या धुळीत जाते आणि कथाकारांना पहिल्यासारखेच भग्नावशेष मिळतात. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला दुसरा सीझन न्यू वेगासकडेच वळला, त्यामुळे हा ताण अधिक ठळक झाला आहे.

गेम मालिकेचा वारसा आता तिच्या बाहेरही पसरला आहे. इंटरप्लेचे संस्थापक ब्रायन फार्गो यांच्या इनएक्झाइल कंपनीने २०१४ आणि २०२० मध्ये वेस्टलँडचे नवे भाग काढले. सोव्हिएत अवशेषांत घडणारा २०१८ चा अॅटम आरपीजी पहिल्या दोन गेमच्या थेट वळणावर गेला. संवादातल्या कसोट्यांना लढाईची जागा देण्याचे काम २०१९ च्या डिस्को एलिझियमने टोकाला नेले. हौशी मंडळींनी दुसऱ्या भागातला वगळलेला मजकूर परत बसवला, आणि जुलै २०२४ मध्ये फॉलआउट ४ च्या पायावर संपूर्ण लंडन उभारून विनामूल्य दिले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ऑब्सिडियन आणि इनएक्झाइल, तर २०२१ मध्ये बेथेस्डाची मालक कंपनी विकत घेतल्याने आज मालिकेचे हक्क आणि ती उत्तम लिहू शकणारे स्टुडिओ प्रथमच एका छताखाली आहेत. फॉलआउटचा पाचवा भाग बेथेस्डाच्याच एल्डर स्क्रोल्स मालिकेच्या सहाव्या भागानंतर येईल, असे बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांनी सांगितले आहे.