परजीवी कृमींची सर्वेक्षणे आणि ‘नवीन पोषक-नोंद’ : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राणिशास्त्रात कृमिशास्त्राला मानाचे स्थान आहे. मराठवाड्यात तर पट्टकृमींच्या वर्गीकरणाची एक परंपराच निर्माण झाली. या परंपरेतील शोधनिबंधाची रचना बहुधा ठरलेली असते. नदीवरून, तलावावरून किंवा मासळी बाजारातून मासा आणावा, आतडे उघडावे, मिळालेला कृमी फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून रंगवावा, कॅमेरा ल्युसिडाच्या साहाय्याने त्याचे चित्र काढावे, जवळच्या चार-सहा जातींशी मोजमापांची तुलना करावी आणि शेवटी ‘नवीन जाती’ किंवा ‘नवीन पोषक-नोंद’ असे घोषित करावे. पोषक म्हणजे ज्याच्या शरीरात परजीवी वाढतो तो प्राणी. काही लेखक त्यास यजमान म्हणतात. एखादा ज्ञात कृमी पूर्वी न नोंदलेल्या प्राण्यात आढळला, तर ती नवीन पोषक-नोंद ठरते.

नवीन जातीच्या घोषणेकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय थोडीफार तरी रुजली आहे. पोषक-नोंद मात्र निरुपद्रवी मानली जाते. कृमी जुनाच, प्राणीही जुनाच, केवळ दोघांची गाठ नवी. त्यात चूक ती काय होणार, अशी समजूत असते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या समजुतीवर आहे. ज्या नोंदीमागील कृमी आणि पोषक हे दोन्ही पुन्हा तपासता येत नाहीत, ती नोंद म्हणजे केवळ एक विधान असते, आणि अशा विधानांची संख्या वाढल्याने माहिती वाढते असे मुळीच नाही.

अठ्ठेचाळीस नावे, चार जाती

या संदर्भात ‘गँजेसिया’ या वंशाचे उदाहरण बोलके आहे. गोड्या पाण्यातील, मुख्यतः मिशीवाल्या माशांच्या आतड्यात राहणारा हा पट्टकृमी. साउथवेल यांनी १९१३ मध्ये वर्णिलेली जाती आज ‘गँजेसिया बेंगालेन्सिस’ या नावाने ओळखली जाते. वंशाची स्थापना वुडलंड यांनी १९२४ मध्ये केली. पुढील काळात भारतातून, आणि त्यातही शिवडा (वॅलागो अट्टू) या माशातून, नव्या जातींची वर्णने येत राहिली. २०१२ मध्ये अनिर्बन अ‍ॅश, टोमाश शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात या वंशाचे पुनरावलोकन प्रसिद्ध केले. प्रारूप नमुने, भारत, बांगलादेश, कंबोडिया व इंडोनेशिया येथून नव्याने जमवलेले कृमी आणि आजवरचे साहित्य तपासून ते ज्या निष्कर्षास आले तो असा : या प्रदेशातून ‘गँजेसिया’ आणि ‘सिल्युरोटीनिया’ या वंशांखाली नोंदलेल्या ४८ नावांपैकी वैध जाती केवळ चार. ३६ नावे त्यांनी प्रथमच पर्यायी नावांच्या यादीत टाकली. मागूर माशातील कॅरिओफिलिडी गटाच्या कृमींबाबत त्याच अभ्यासकांनी २०११ मध्ये केलेले पुनरावलोकनही याच वळणाचे आहे. तेथे पन्नासहून अधिक नावांतून वैध जाती उरल्या त्या मोजक्याच.

हे आकडे वाचून आपल्याकडील संशोधकांवर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. बहुसंख्य निबंधांतील चित्रे समोरच्या काचपट्टीशी इमानदार आहेत. दोष काचपट्टी तयार होण्याच्या आधीच शिरलेला असतो. बाजारातील मासा मरून काही तास लोटलेले असतात. त्याच्याबरोबर आतील कृमीही मेलेला, मऊ पडलेला असतो. शीर्षावरील अंकुश गळू लागलेले असतात. तो दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून स्थिर केला की खंड रुंदावतात, अवयव बाजूला सरकतात. तोच कृमी जिवंत असताना कढत ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जवळजवळ नैसर्गिक आकारात ताठ होतो. एकाच माशातील एकाच जातीचे दोन कृमी या दोन रीतींनी हाताळले, तर लांबी-रुंदीची दोन निरनिराळी कोष्टके तयार होतील, आणि आपल्या परंपरेत दोन कोष्टके म्हणजे दोन जाती! अंकुशांची संख्या, वृषणांची संख्या, खंडांची रुंदी ही लक्षणे कृमीच्या वयाप्रमाणेही बदलतात. एकाच नमुन्यावरून, क्वचित दोन-तीन नमुन्यांवरून, हा बदल कळणे शक्य नसते.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. नावे एकत्र करणाऱ्या अभ्यासकाची चूक होतच नाही असे नाही. बाह्य रचनेत सारख्या दिसणाऱ्या, पण जनुकीय दृष्ट्या भिन्न अशा जाती कृमींमध्ये आढळतात. उद्या चारच्या पाच झाल्या तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परंतु २०१२ च्या पुनरावलोकनात रचना, पृष्ठभागाची सूक्ष्मरचना आणि रेणवीय पुरावा एकत्र मांडलेला आहे. त्याला आव्हान देता येते. ज्या नावामागे नमुना उरलेला नाही त्याला आव्हानही देता येत नाही आणि पुष्टीही देता येत नाही. असे नाव साहित्यात केवळ अडगळ म्हणून राहते आणि प्रत्येक नव्या अभ्यासकाला त्यावर काही दिवस घालवावे लागतात.

आढळ आणि पोषक

आता पोषक-नोंदीकडे वळू. शिवडा हा मांसाहारी मासा आहे; लहान मासे तो सबंध गिळतो. गिळलेल्या माशाच्या आतड्यात पट्टकृमी असेल तर तोही शिवड्याच्या पोटात येतो, काही काळ तग धरतो, कधी पचून जातो. नेमक्या त्या वेळी मासा विच्छेदनाच्या ट्रेमध्ये आला, तर कृमी शिवड्यात ‘आढळला’ हे खरे. शिवडा त्याचा पोषक आहे हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. साप, बगळे, खंड्या, घोरपड अशा प्रत्येक भक्षक प्राण्याबाबत हीच अडचण आहे. पोषकत्वाचा किमान पुरावा म्हणजे कृमीची त्या प्राण्यात पूर्ण वाढ होणे, त्याच्या खंडांत अंडी तयार होणे आणि हे एकाहून अधिक प्राण्यांत दिसून येणे. अपक्व कृमीही नोंदवावा, पण तो ‘अपक्व’ म्हणूनच. आपल्या अनेक निबंधांत कृमी पक्व होता की अपक्व, आतड्याच्या कोणत्या भागात होता, चिकटलेला होता की सुटा, यांविषयी एक वाक्यही नसते. शीर्षकात मात्र ‘नवीन पोषक’ हे शब्द ठळक असतात.

याच संदर्भात निष्फळ तपासणीचा मुद्दा येतो. किती प्राणी तपासले आणि त्यांपैकी किती बाधित निघाले, या गुणोत्तराला परजीवीशास्त्रात निश्चित संज्ञा आहे. बुश व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या संज्ञांची फेरमांडणी केली, त्यालाही बराच काळ लोटला. तरीही रिकाम्या आतड्यांचा हिशेब न देणारी सर्वेक्षणे छापली जातात. चाळीस माशांत एकदा मिळालेला कृमी आणि चाळिसांपैकी तीस माशांत मिळालेला कृमी यांचा अर्थ एकच कसा असेल?

पोषकाचे नाव

कृमीच्या ओळखीवर पाने खर्ची पडतात; पोषकाची ओळख बहुधा एका नावात उरकली जाते. मागूर माशाने या सवयीची किंमत दाखवून दिली आहे. भारतीय साहित्यात मागूर म्हणजे ‘क्लॅरिअस बॅट्रेकस’ असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. २००८ मध्ये एंग आणि कोटेलाट यांनी या नावाची छाननी केली, जावा बेटावरील नमुना नवप्रारूप म्हणून निश्चित केला आणि ‘बॅट्रेकस’ हे नाव तिकडील माशापुरते मर्यादित केले. भारतातील मागूर आता ‘क्लॅरिअस मागूर’ या, हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये दिलेल्या नावाने ओळखला जातो. म्हणजे आपल्या यादीतील असंख्य नोंदींतील पोषकाचे नावच बदलले.

नाव बदलणे ही तशी किरकोळ बाब. स्थळ ठाऊक असेल तर दुरुस्ती करता येते. खरी अडचण पुढे आहे. ‘थाई मागूर’ या नावाने बाजारात येणारा आफ्रिकेतील ‘क्लॅरिअस गॅरिपिनस’ हा मासा भारतात अवैध मार्गाने आला. २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घालण्यात आली, तरी तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही. बाजारातून ‘मागूर’ आणून त्यातील कृमी वर्णन करणाऱ्या निबंधात माशाचे छायाचित्र नसेल, डोके वा पर जपून ठेवलेला नसेल, तर तो देशी मागूर होता की आफ्रिकी, हे आज कोणत्या आधारे सांगावे? एका बाजूस देशी माशातील देशी कृमी, दुसऱ्या बाजूस परदेशी माशाबरोबर आलेला किंवा त्याने इथे उचललेला कृमी. मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. नोंदीत मात्र त्या सारख्याच दिसतात. स्थळाचेही तसेच. बाजार ज्या शहरात भरतो ते शहर माशाचे वसतिस्थान नव्हे. मासा जायकवाडीचा होता की बर्फात घालून परराज्यातून आलेला, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारूनही खात्री होत नाही.

इतरत्र या प्रश्नाचा विचार कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. शार्क व पाकट या गटांतील पट्टकृमींचा अभ्यास करणाऱ्यांना पोषकांची नावे वारंवार संशयास्पद वाटू लागली. नेलर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चार हजारांहून अधिक माशांच्या नमुन्यांचा डीएनए-आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच नावाखाली अनेक जाती वावरत असल्याचे त्यातून पुढे आले. २००८ ते २०१७ या काळात पृष्ठवंशीय प्राण्यांतील पट्टकृमींचे जे जागतिक सर्वेक्षण झाले, आणि ज्याचा ग्रंथ कायरा व जेन्सन यांच्या संपादनाखाली २०१७ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने प्रसिद्ध केला, त्यात हीच शिस्त आढळते. कृमीबरोबर पोषकालाही क्रमांक, छायाचित्र आणि ऊतीचा तुकडा मिळाला पाहिजे, हा तेथील दंडक होता. ‘त्यांच्याकडे पैसा होता’ हे उत्तर इथे पुरेसे नाही. कृमीच्या मधला तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवणे, शीर्ष आणि मागील भाग रंगवून काचपट्टीवर चढवणे आणि दोहोंवर एकच क्रमांक घालणे यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ब्लेड, लहान कुपी व पेन्सिल एवढेच लागते. डीएनएचे काम दुसरा कोणी दहा वर्षांनी करील.

नमुना कोणाचा?

नमुना ठेवण्याची सक्ती आता सौजन्याचा भाग उरलेली नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून अमलात आहे. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीच्या नावासाठी प्रारूप नमुना स्पष्टपणे निश्चित करणे, तसेच तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल ते सांगणे तिने आवश्यक केले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नवीन प्रकार शोधणाऱ्याने तो नियुक्त संग्रहालयास कळवून नमुना तेथे जमा करावयाचा असतो. पोषक-नोंदीसाठी मात्र अशी सक्ती नाही, आणि नेमकी तिथेच परीक्षकांची जबाबदारी सुरू होते. ‘नमुना कोठे आहे?’ हा एक प्रश्न परीक्षकाने विचारला असता तर आजच्या यादीतील किती नोंदी छापल्या गेल्या असत्या, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निबंधांना गुण दिले, आणि पोषक-नोंद हा सर्वांत कमी वेळात होणारा निबंध ठरला. तेव्हा हा प्रश्न विचारण्यात कोणालाच फारसे स्वारस्य उरले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

यात प्राण्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे संरक्षित प्राणी मारून तपासता येत नाही. रस्त्यावर वाहनाखाली मेलेला प्राणी किंवा विष्ठेतील अंडी यांवर अवलंबून राहावे लागते, आणि अंड्यांवरून जातीपर्यंत पोहोचणे बहुधा शक्य नसते. अशा परिस्थितीत हाती आलेला प्रत्येक मृत प्राणी दुर्मीळ ठरतो. त्यातील एक पट्टकृमी काढून घ्यावा आणि गोलकृमी, पर्णकृमी, यकृत, फुप्फुसे व खुद्द प्राणी कचऱ्यात टाकावा, ही रीत कोणत्याही शास्त्राला शोभणारी नाही.

जुन्या परंपरेची बरीच सामग्री अजूनही हाताशी आहे. गेल्या अर्धशतकात तयार झालेल्या काचपट्ट्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत, लाकडी पेट्यांत, कधी निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्या कपाटात पडून असतात. कॅनडा बाल्सम पिवळे पडते, चिठ्ठीवरची शाई पुसट होते. तथापि मूळ वर्णन ज्या काचपट्टीवरून झाले ती सापडली, तर कोठेही ठेवलेली असली तरी तीच त्या नावाचा आधार असते, आणि संहितेच्या दृष्टीने ती विज्ञानाची ठेव ठरते, व्यक्तीची मालमत्ता नव्हे. ‘गँजेसिया’च्या ४८ नावांचा निवाडा काही अंशी अशा काचपट्ट्यांअभावीच एकतर्फी झाला असेल, तर त्याचे अपील करण्याची जागाही तीच आहे. पुढील सर्वेक्षणाच्या प्रस्तावात नदीवरील फेऱ्यांच्या आधी या पेट्या उघडणे, चिठ्ठ्या वाचून त्यांची सूची करणे आणि प्रारूप नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे सोपवणे एवढे काम घालता येईल. त्यासाठी एकाही माशाचे आतडे उघडावे लागणार नाही.