पुसलेली राणी व कल्पिलेली कन्या : खुंझा हुमायून आणि चांदबिबी यांच्या चित्रांविषयीं

सोलापूरचा भुईकोट किल्ला वेढ्यांसाठीं जितका प्रसिद्ध आहे, तितकाच आंदणासाठींही आहे. इ. स. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशीं झाला, तेव्हां सोलापूर देण्याची बोली झाली होती असें फिरिश्ता सांगतो. ती बोली पाळली न गेल्यामुळें दोन्ही घराण्यांत युद्ध जुंपलें. पुढें हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि हाच किल्ला तिजबरोबर आंदण म्हणून गेला. या सोयरिकीनें शाह्यांची एकी दृढ झाली व २३ जानेवारी १५६५ रोजीं विजयनगरचा पराभव झाला. किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद बखरकार व तवारीखकार तत्परतेनें करितात. परंतु ज्या स्त्रियांच्या नांवानें हा देवघेवीचा व्यवहार झाला, त्यांचें रूप दाखविणारें समकालीन साधन अत्यंत विरळ आहे. असें एक साधन पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहे. तें चांदबिबीच्या आईसंबंधीचें आहे, आणि तेंही पुसलेलें आहे.

आफताबी नामक कवीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें फारसी काव्य तें हें होय. जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनीं संपादिलेली त्याची आवृत्ति मंडळानें १९८७ सालीं प्रसिद्ध केली. पोथींत १२ चित्रें शिल्लक आहेत. तालीकोटच्या विजयाचें वर्णन तींत असल्यामुळें ती १५६५ च्या आधींची असूं शकत नाहीं. हुसेनशहा त्याच वर्षीं वारला. पुत्र मुर्तजा अल्पवयी असल्यानें राज्यकारभार खुंझा हुमायून हिच्या हातीं आला. व १५६९ त मुर्तजानें आईस कैदेंत टाकिलें. राणीची स्तुति करणारी पोथी त्यानंतर सजविली जाणें संभवत नाहीं. तेव्हां ती या चार वर्षांतील, म्हणजे बहुधा राणीच्याच अंमलांतील, असा निष्कर्ष निघतो.

चित्रकारानें राणीस शहाच्या सन्निध बसविलें होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. फारसी परंपरेंत सुंदरी पुष्कळ रंगविल्या जातात, परंतु राज्य करणाऱ्या बादशहाची विवाहित बेगम नांवानिशीं व त्याच्या बरोबरीनें दाखविणें हा अपवाद होय. पुढें मोगलांकडे अबुल हसन यानें नूरजहानचें बंदूकधारी चित्र काढिलें, तेंही असेंच अपवादात्मक. या पोथींतील स्त्रियांचा वेषही विचार करण्यासारखा आहे. सोनेरी आकाश व उंच क्षितिज इराणी वळणाचें. पण स्त्रिया चोळी व साडी नेसलेल्या, लांब वेणीस गोंडे लावलेल्या. हा पेहराव माळव्याकडील चित्रांशीं जुळतो, तर त्यावरील उपरण्याची धाटणी लेपाक्षीच्या भित्तिचित्रांची आठवण करून देते.

त्यांतील एक चित्र दोहदाचें आहे. सुंदर स्त्रीचा स्पर्श होतांच वृक्ष फुलावा ही कल्पना सांचीच्या तोरणावरील शालभंजिकेइतकी जुनी आहे. कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रां’त अशोकवृक्षासाठीं तिचा उपयोग केला आहे. ती एका निजामशाही पोथींत सुखेनैव येऊन बसावी, यावरून दक्षिणेंतील दरबारांची मनोरचना समजते.

आतां पुसण्याविषयीं. ज्या चित्रांत राणी होती त्यांतील बहुतेकांत तिची आकृति रंग फांसून वा खरडून नाहींशी केली आहे. शहा, दासी, आसन हीं राहिलीं आहेत. मध्यें एक ओबडधोबड डाग. हें कोणी केलें? १५६९ नंतर मुर्तजाच्या पक्षानें केलें, हें मत सामान्यतः मान्य आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ सांगतात कीं, मूर्तिद्वेष हें कारण असतें तर दासीही वांचल्या नसत्या. हा कोटिक्रम आम्हांस अर्धाच पटतो. पडद्याची चाड असलेल्या एखाद्या उत्तरकालीन मालकानेंही दासींस हात न लावितां केवळ बेगमेसच झांकिलें असतें. दोहदाच्या चित्राचें वांचणें मात्र आमच्या मतें दोन्ही पक्षांस सारखेंच लागू पडतें : त्या प्रसंगांतील स्त्री कोणतीही सुंदरी असूं शकते, म्हणून पुसणारास तेथें राणी दिसलीच नसावी. काव्यांतील तिची स्तुति शाबूत राहिली, ही गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. पुसणारास तिचें वर्णन खुपलें नाहीं. तिचें शहाशेजारचें स्थान खुपलें. यास्तव कैदेचें कारणच अधिक संभवनीय आहे. मिसर देशांत हत्शेप्सुत राणीच्या प्रतिमा तिच्यामागून आलेल्या राजानें छिनून टाकिल्या, त्या जातीचेंच हें कृत्य होय.

कन्येची गोष्ट नेमकी उलट. १५८० त अली आदिलशहाचा खून झाल्यावर चांदबिबीनें बालराजा इब्राहिम याचें पालन केलें; १५९५-९६ त शाहजादा मुराद याच्या फौजेविरुद्ध अहमदनगर लढविलें; आणि १६०० त स्वकीयांच्याच हातून तिचा अंत झाला. तिच्या हयातींतील निर्विवाद चित्र उपलब्ध नाहीं. तिच्या पतीच्या दरबारीं १५७० त सिद्ध झालेल्या ‘नुजूम-उल-उलूम’ या पोथींत (ती हल्लीं डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे) रूहानी म्हणून शस्त्रधारी स्त्रीदेवतांची रांगच्या रांग आहे. पण त्या स्त्रिया नव्हेत, शक्ति आहेत. आज सर्वत्र दिसणारी, घोड्यावर बसून हातीं ससाणा घेतलेली ‘चांदबिबी’ ही तिच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांनीं व त्याहूनही मागाहून निघालेल्या चित्रांतील आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील तसें चित्र १७०० च्या सुमाराचें मानितात. त्याच ठशाच्या नकला पुढें निघत राहिल्या. हीं चित्रें सुंदर आहेत व लोकस्मृतीचीं साधनें म्हणून मौल्यवानही आहेत. तथापि त्यांवरून चांदबिबीचा चेहरा सांगणें म्हणजे पोवाड्यावरून जन्मपत्रिका मांडणें होय.

दोन्ही प्रकारांत मूळ दोष एकच. आईच्या बाबतींत जें पाहिलें होतें तें दाखवूं दिलें नाहीं, लेकीच्या बाबतींत जें कोणी पाहिलें नाहीं तें खरें म्हणून दाखविलें. पहिला अपराध चारशें वर्षांपूर्वींचा असून त्यावर आपला उपाय नाहीं. दुसरा मात्र अद्याप चालू आहे, व तो थांबविणें संग्राहकांच्या हातीं आहे. घोडेस्वार स्त्रीचें चित्र मिळालें म्हणजे विकणारा चांदबिबीचें नांव घेतो, कारण नांवानें किंमत वाढते. आमची विनंति इतकीच कीं, टिपणांत “घोड्यावरील स्त्री, ससाण्यासह” एवढेंच लिहावें. चित्रावर जुनी अक्षरें असल्यास तीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. आणि नांव केवळ परंपरेनें चालत आलें असल्यास तसें स्पष्ट नमूद करावें. तसेंच पोथींत रंग फांसलेली वा खरडलेली जागा आढळल्यास ती धुवूं अगर रंगवूं नये. खालीं काय आहे हें पाहण्याचीं, कागदास धक्का न लावणारीं साधनें आतां उपलब्ध झालीं आहेत. हौशी हातानें केलेली एक दुरुस्ती त्यांचा मार्ग कायमचा बंद करील.

सोलापूरच्या तटावरून फिरतांना चांदबिबीचें नांव सहज ओठांवर येतें. तिचें मुखचित्र आपणांजवळ नाहीं, हें मान्य करण्यांत तिचा कमीपणा नाहीं. तिच्या आईचें होतें, व तें कोणालातरी नाहींसें करावेंसें वाटलें, एवढें त्या पोथींतील डाग अद्याप सांगत आहेत. ते आहेत तसेच राखिले पाहिजेत.